कॅप्टनच्या देखरेखीखालचे कमांड तास: नियम, उड्डाणाचा दिवस आणि लॉगबुकातली नोंद

सहवैमानिकाने टेक-ऑफ केला, लँडिंगही केलं, अख्खा सेक्टर, म्हणजे एका विमानतळापासून दुसऱ्यापर्यंतचं उड्डाण, विमान त्याच्याच हाती होतं, तरी ते तास आपोआप कमांडचे होत नाहीत. कमांडच्या रकान्यात जाण्यासाठी त्या उड्डाणात त्याने कॅप्टनच्या देखरेखीखाली कॅप्टनचं संपूर्ण काम केलेलं असावं लागतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि आधी ठरवून. अशा तासांना युरोपात पीआयसीयूएस म्हणतात, म्हणजे पायलट-इन-कमांड अंडर सुपरव्हिजन. पायलट-इन-कमांड किंवा पीआयसी म्हणजे त्या उड्डाणाची कायदेशीर जबाबदारी असलेला वैमानिक, एअरलाइनमध्ये कॅप्टन. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे 'पी-वन यूएस' हे नाव जास्त रुळलेलं आहे.

हा लेख ईएएसएच्या, म्हणजे युरोपीय संघाच्या विमान सुरक्षा संस्थेच्या पार्ट-एफसीएल, म्हणजे वैमानिकांच्या परवान्यांच्या नियमांवर बेतलेला आहे. गोंदिया, बारामती, धुळे किंवा जळगावला उड्डाण शिकून पुढे युरोपीय परवाना घेणाऱ्या मुलामुलींना नेमका याच टप्प्यावर गोंधळ होतो, कारण लॉगबुक एका देशाच्या सवयीने लिहिलेलं असतं आणि अर्ज दुसऱ्या देशाच्या नियमाने तपासला जातो. भारत आणि अमेरिकेतला फरक शेवटी दिला आहे.

हे तास लागतात कशासाठी

एअरलाइनमध्ये कॅप्टन व्हायला एटीपीएल (एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्स) हा परवाना लागतो. ईएएसएची अट एकूण १५०० तासांची आहे. त्यात बहुवैमानिक कामकाजाचे किमान ५०० तास हवेत. क्रॉस-कंट्रीचे, म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी केलेल्या उड्डाणांचे, २०० तास हवेत आणि त्यांपैकी किमान १०० तास पीआयसी किंवा पीआयसीयूएस म्हणून केलेले असावेत. इन्स्ट्रुमेंटचे, म्हणजे बाहेर न पाहता फक्त उपकरणांवर उडवण्याचे, ७५ तास लागतात, त्यांतले जमिनीवरच्या उपकरणात केलेले ३० पेक्षा जास्त धरत नाहीत. रात्रीचे १०० तास पीआयसी किंवा सहवैमानिक म्हणून चालतात. एअरलाइनच्या नोकरीत यातलं बहुतेक सगळं आपसूक भरतं. अडतं ते कमांडच्या अटीवर. ती तीनपैकी एका मार्गाने पुरी करता येते:

- स्वतः पीआयसी म्हणून २५० तास, किंवा
- पीआयसीयूएस म्हणून ५०० तास, किंवा
- दोन्ही मिळून २५० तास, पण त्यांत खऱ्या पीआयसीचे किमान ७० तास.

हे तीनही मार्ग मुळात आयकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, परिशिष्ट १ मधून आलेले आहेत, म्हणून वेगवेगळ्या देशांच्या नियमांत ते ओळखीच्या रूपात दिसतात.

बहुतेकांचा मार्ग तिसरा असतो. इंटिग्रेटेड कोर्समधून, म्हणजे शून्यापासून सलग चालणाऱ्या प्रशिक्षणातून, पीआयसीचे जेमतेम ७० तास घेऊन आलेल्याला १८० तास पीआयसीयूएस लागेल. भारतीय सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक वैमानिक परवान्याला, २०० तासांपैकी १०० तास पीआयसी लागतात. ती शिदोरी घेऊन आलेल्याला १५० तास पुरतील. मात्र प्रशिक्षणातले पीआयसीचे तास युरोपीय व्याख्येत बसतात का, हे आधी तपासून घ्या. इंटिग्रेटेड एटीपी कोर्समध्ये विद्यार्थी-पीआयसी म्हणून (हा प्रकार पुढे समजावला आहे) केलेलं इन्स्ट्रुमेंट उड्डाण पीआयसी धरताना २० तासांची कमाल मर्यादा आहे.

आता थोडं गणित. २०० तासांवर नोकरी लागली तर १५०० पर्यंत १३०० तास उरतात. साधारण निम्मे सेक्टर तुमच्याकडे पायलट फ्लाइंग, म्हणजे प्रत्यक्ष विमान चालवणारा, म्हणून येतात, म्हणजे सुमारे ६५० तास. त्यांतून १८० तास पीआयसीयूएस काढायचे. चार सेक्टरांत एकापेक्षा थोडं जास्त. घाई करायची काही गरज नाही. पहिले काही शे तास विमान आणि कंपनीची पद्धत अंगवळणी पडू द्यावी, मग सुरुवात करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. एमपीएल (मल्टी-क्रू पायलट लायसन्स) परवानाधारकाचं गणित मात्र पार वेगळं आहे. त्याचं प्रशिक्षण मुख्यतः सिम्युलेटरवर झालेलं असतं, स्वतःच्या पीआयसीचे ७० तास हाताशी नसतात, त्यामुळे ५०० तासांचा मार्गच उरतो. हाती येणाऱ्या दर चार सेक्टरांपैकी जवळजवळ तीन पीआयसीयूएस व्हावे लागतात. अशा सहवैमानिकाने लाइन ट्रेनिंग, म्हणजे प्रवासी उड्डाणांवरचं सुरुवातीचं प्रशिक्षण, संपताच कंपनीशी बोलून घ्यावं. १४०० तासांना जाग आली तर पुढची दोन वर्षं त्यातच जातात.

एकसारख्या दिसणाऱ्या चार गोष्टी

विद्यार्थी-पीआयसी हा फ्लाइंग स्कूलमधला प्रकार आहे. प्रशिक्षक शेजारी असतो, पण फक्त पाहतो. उड्डाणावर त्याने प्रभाव टाकायचा नाही, नियंत्रण घ्यायचं नाही. प्रशिक्षकाची सही लागते.

पीआयसीयूएस म्हणजे सहवैमानिकाने पीआयसीच्या देखरेखीखाली पीआयसीची कर्तव्यं पार पाडणं. विमान दोन वैमानिकांचं असावं लागतं, एक तर प्रकार-प्रमाणपत्रानुसार, नाही तर ऑपरेशनच्या नियमानुसार. एका वैमानिकाच्या प्रमाणपत्रावरच्या छोट्या टर्बोप्रॉपमध्ये कंपनीने हौसेने दुसरा माणूस बसवला म्हणून त्याला हे तास लिहिता येत नाहीत. दुसरा वैमानिक नियमाने आवश्यक असला पाहिजे.

नव्या सहवैमानिकाचं लाइन ट्रेनिंग ही तिसरी गोष्ट आणि सर्वांत जास्त चुका इथे होतात. टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारच्या विमानाची पात्रता, मिळाल्यावर ट्रेनिंग कॅप्टनसोबत प्रवासी घेऊन जे सेक्टर होतात, त्यांच्या नावातही 'अंडर सुपरव्हिजन' येतं. नाव सारखं, म्हणून काही जण ते सेक्टर थेट पीआयसीच्या रकान्यात टाकतात. पण तिथे तुम्ही सहवैमानिकाचं काम शिकत असता, कॅप्टनचं करत नसता. हे तास सहवैमानिकाच्या रकान्यात जातात.

चौथी गोष्ट म्हणजे कमांड अपग्रेडचं, सहवैमानिकाचा कॅप्टन होतानाचं, लाइन ट्रेनिंग. त्याला पुढे स्वतंत्र जागा दिली आहे.

आधी कंपनीचं मॅन्युअल उघडा

ईएएसएच्या मार्गदर्शनात एक अट स्वच्छ लिहिलेली आहे: देखरेखीची पद्धत सक्षम प्राधिकरणाला मान्य असावी. एअरलाइनच्या बाबतीत याचा अर्थ असा की ती पद्धत ऑपरेशन्स मॅन्युअलमध्ये लिहिलेली असली पाहिजे. दोन मित्रांनी, मग त्यांतला एक कॅप्टन का असेना, परस्पर ठरवून हे तास तयार होत नाहीत.

मॅन्युअलमध्ये या प्रश्नांची उत्तरं शोधा. सहवैमानिकाचा किमान अनुभव किती हवा? देखरेख कोणताही कॅप्टन करू शकतो, की ट्रेनिंग कॅप्टनच लागतो? पायलट फ्लाइंग असणं सक्तीचं आहे का? टॅक्सी, म्हणजे जमिनीवर विमान चालवणं, कोण करणार? कंपनीचा स्वतंत्र फॉर्म आहे की लॉगबुकातली सही पुरेशी? फॉर्म किती दिवसांत जमा करायचा? प्रत्येक कंपनीची उत्तरं निराळी असतात, म्हणून आधीच्या कंपनीतला अनुभव इथे चालेल असं गृहीत धरू नका.

टॅक्सीचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण नेमका तोच अडतो. ज्या विमानात नोजव्हील फिरवायचं टिलर फक्त डाव्या बाजूला असतं, तिथे उजव्या सीटवरचा सहवैमानिक टॅक्सी करू शकत नाही. मॅन्युअलमध्ये याची तरतूद असेल तर कॅप्टन टॅक्सी करतो आणि निर्णय पीआयसीयूएस करणारा घेतो: कुठे थांबायचं, एक इंजिन बंद ठेवायचं का, डी-आयसिंगला जायचं का. टेक-ऑफ रद्द करण्याचा निर्णय अनेक कंपन्यांत कॅप्टनकडेच राखून ठेवलेला असतो. ती कंपनीची कायमची कार्यपद्धती असते. तेवढ्याने सेक्टर बाद होत नाही, पण मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलं आहे ना, हे पाहून ठेवा.

काही सेक्टर मुळातच यासाठी योग्य नसतात. अनेक कंपन्यांत कमी दृश्यमानतेतलं, कॅट टू आणि कॅट थ्रीचं लँडिंग कॅप्टननेच करायचं असतं. सहवैमानिकासाठी आडव्या वाऱ्याची मर्यादा कमी ठेवलेली असते. मादेइराच्या फुंशालसारख्या अवघड विमानतळांवर खास प्रशिक्षण घेतलेला कॅप्टनच लँडिंग करतो. पायलट फ्लाइंग असण्याची सक्ती असलेल्या कंपनीत पहाटेच्या धुक्याचा अंदाज असेल, तर त्या सेक्टरवर पीआयसीयूएसचा विषयच काढू नये.

उड्डाणाच्या दिवशी

ब्रीफिंगला बसण्याआधी कॅप्टनला विचारा. आधी विचारण्यात शिष्टाचारापेक्षा मोठं कारण आहे. पीआयसीची कर्तव्यं ब्रीफिंग रूममध्येच सुरू होतात, आणि तिथले निर्णय कॅप्टनने घेऊन टाकले असतील तर तो सेक्टर तिथेच हातचा गेला. लँडिंग झकास झालं म्हणून पार्किंगला उभं राहिल्यावर "हा पीआयसीयूएस लिहू का?" असं विचारणं चुकीचं आहे, आणि कॅप्टनने होकार देणंही तितकंच चुकीचं.

कॅप्टन हो म्हणाला की चार गोष्टी दोघांनी उघडपणे ठरवा: कोणते सेक्टर, पायलट फ्लाइंग कोण, तांत्रिक बिघाड झाला तर काय, आणि कॅप्टन कोणत्या क्षणी नियंत्रण घेईल. शेवटचा मुद्दा बोलायला अवघड जातो, पण तोच सर्वांत उपयोगाचा आहे.

मग काम सुरू होतं.

१. हवामान, नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना) आणि फ्लाइट प्लॅन तुम्ही वाचायचे आणि इंधनाचा आकडा तुम्ही सांगायचा. टॅक्सी आणि ट्रिपचं इंधन, आकस्मिक गरजेसाठी साधारण ट्रिपच्या ५ टक्के, पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि जेटसाठी ३० मिनिटांचा अंतिम राखीव साठा. यावर जादा घ्यायचं असेल तर किती आणि का, हे कारणासकट सांगा. "सगळेच ५०० किलो जादा घेतात" हे कारण नव्हे. "पोहोचायच्या वेळेला गडगडाटी पाऊस आहे आणि तिथे एकच धावपट्टी चालू आहे" हे कारण.

२. टेक लॉग, म्हणजे विमानाची तांत्रिक नोंदवही, तपासा. पुढे ढकललेले दोष कोणते, एमईएलप्रमाणे (कोणत्या बिघाडासह उडता येतं याची यादी) त्यांच्यावर कोणत्या अटी आहेत, आजच्या मार्गावर त्यांचा परिणाम काय, हे तुम्ही सांगायचं. विमान स्वीकारल्याची सही मात्र कॅप्टनचीच. कायदेशीर कमांड त्याच्याकडेच राहते आणि कागदही त्याच्याच नावाने चालतात.

३. केबिन क्रूचं ब्रीफिंग तुम्ही घ्या. उड्डाणाचा वेळ, हवेतले झटके, सुरक्षेचे मुद्दे, कॉकपिटशी संपर्काची पद्धत. अनेक सहवैमानिक इथे बुजतात आणि कॅप्टन सवयीने बोलून जातो. तसं होऊ देऊ नका.

४. भरलेलं इंधन, लोडशीट (वजनाचा तक्ता), परफॉर्मन्सचे आकडे, एटीसीचा, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाचा, स्लॉट. युरोपात गर्दीच्या वेळी युरोकंट्रोल या युरोपातल्या हवाई वाहतुकीचं नियमन करणाऱ्या संस्थेकडून टेक-ऑफची वेळ मिळते आणि तिची खिडकी ५ मिनिटं आधीपासून १० मिनिटं नंतरपर्यंत असते. एक प्रवासी आलेला नाही, त्याच्या बॅगा उतरवायच्या, स्लॉट निसटतोय. अशा वेळी काय करायचं हे तुम्ही ठरवायचं. ग्राउंड स्टाफ नेमका कॅप्टनकडे बघतो. कॅप्टनने प्रश्न तुमच्याकडे वळवला पाहिजे, आणि हेही आधी बोलून ठेवता येतं.

५. हवेत ढग चुकवणं, उंची बदलणं, प्रवाशाची तब्येत बिघडणं, पर्यायी विमानतळाचा विचार कधी सुरू करायचा, हे सगळे निर्णय तुमचे. कॅप्टनला विचारायला हरकत नाही. चांगला कॅप्टनही सहकाऱ्याला विचारतोच. फरक इतकाच की आधी स्वतःचं मत मांडायचं आणि मग विचारायचं. "आता काय करू?" आणि "मी दक्षिणेकडून वळसा घेतोय, दहा मिनिटांचं इंधन जास्त जाईल, तुला काही वेगळं दिसतंय का?" या दोन प्रश्नांत सहवैमानिक आणि कमांडर यांच्यातलं सगळं अंतर आहे.

६. अप्रोच, लँडिंग, टॅक्सी, इंजिन बंद करणं आणि त्यानंतरची टेक लॉगमधली नोंद. दोष लिहायचा असेल तर मजकूर तुम्ही तयार करा, सही कॅप्टनची.

हस्तक्षेप कशाला म्हणायचं

नियमाचा गाभा असा: त्या उड्डाणात पीआयसीची सर्व कर्तव्यं अशा रीतीने पार पडावीत की सुरक्षेसाठी पीआयसीला हस्तक्षेप करावा लागला नाही. यातला 'त्या उड्डाणात' हा शब्दप्रयोग विसरला जातो. दोन तासांच्या सेक्टरमध्ये शेवटच्या तीन मिनिटांत कॅप्टनने नियंत्रण घेतलं, तर एक तास सत्तावन्न मिनिटं पीआयसीयूएस आणि तीन मिनिटं सहवैमानिक अशी वाटणी होत नाही. पूर्ण सेक्टर सहवैमानिकाच्या रकान्यात जातो.

"माझ्याकडे कंट्रोल" असं म्हणून विमान हाती घेणं हा उघड हस्तक्षेप. लँडिंगच्या क्षणी साइडस्टिकला किंवा योकला दिलेला टेकूही हस्तक्षेपच, तो हळूच दिलेला असला तरी. तुम्ही घेतलेला असुरक्षित निर्णय कॅप्टनला फिरवावा लागला, तर तोही हस्तक्षेप. याउलट पायलट मॉनिटरिंगचे, म्हणजे उड्डाणावर नजर ठेवणाऱ्या दुसऱ्या वैमानिकाचे, नेहमीचे कॉलआउट, वेग पाच नॉट कमी असल्याची आठवण, चेकलिस्टमध्ये सुटलेली ओळ दाखवणं, हे क्रूचं रोजचं काम आहे.

मधला पट्टा कठीण आहे. समजा १००० फुटांच्या टप्प्यावर अप्रोच स्थिर नाही. तुम्ही स्वतः गो-अराउंड (लँडिंग सोडून पुन्हा वर जाणं) म्हणालात आणि व्यवस्थित पार पाडलात, तर सेक्टर तुमचाच. उलट तो कमांडच्या विचाराचा चांगला पुरावा आहे. पण तुम्ही पुढे जात राहिलात आणि कॅप्टनने "गो-अराउंड" म्हटल्यावरच वर गेलात, तर? कार्यपद्धतीनुसार हा पायलट मॉनिटरिंगचा कॉल आहे, त्यामुळे काही कॅप्टन सही देतील. आमच्या मते सही मागू नये. निर्णय घ्यायची जबाबदारी तुमची होती आणि तो दुसऱ्याला घ्यावा लागला. शंका आली की तास सहवैमानिकाच्या रकान्यात टाका. एक सेक्टर पुन्हा मिळतो, लॉगबुकाची विश्वासार्हता पुन्हा मिळत नाही.

कॅप्टनने सही नाकारली तर वाद घालू नये, पण कारण जरूर विचारावं. त्या पाच मिनिटांच्या बोलण्यातून पुढच्या कमांड कोर्सची तयारी होते.

लॉगबुकात नोंद

ईएएसएच्या नमुना लॉगबुकात बारा रकाने आहेत. डब्लिन ते अॅमस्टरडॅम असा दिवसा, आयएफआर नियमाखाली, म्हणजे उपकरणांच्या आधारे उडण्याच्या नियमाखाली, केलेला सेक्टर धरू. ए३२० विमान ०६१२ ला हललं आणि ०७५४ ला थांबलं.

पहिल्या रकान्यात तारीख. दुसऱ्यात निघण्याचं ठिकाण आणि वेळ, तिसऱ्यात पोहोचण्याचं. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, घड्याळाची स्थानिक वेळ नाही. उड्डाणाची वेळ म्हणजे टेक-ऑफसाठी विमान पहिल्यांदा हललं तेव्हापासून उड्डाण संपून अखेरचं थांबलं तोपर्यंत. चाकं जमीन सोडल्यापासून नव्हे. इथे १ तास ४२ मिनिटं.

चौथ्यात विमानाचा मेक, मॉडेल, व्हेरिएंट आणि नोंदणी क्रमांक. नुसतं 'ए३२०' लिहू नका, 'ए३२०-२१४' असं पूर्ण लिहा. पाचव्यात एक-वैमानिक की बहुवैमानिक: बहुवैमानिकखाली १:४२. सहाव्यात एकूण वेळ, पुन्हा १:४२.

सातवा रकाना पीआयसीच्या नावाचा, आणि इथे हमखास चूक होते. तास पीआयसीच्या रकान्यात जाणार म्हणून लोक इथे 'स्वतः' लिहितात. पीआयसीयूएसमध्ये विमानाचा पीआयसी कॅप्टनच असतो, त्यामुळे नाव त्याचं.

आठव्यात लँडिंग, दिवसाचं १. नववा रकाना रात्र आणि आयएफआरचा: आयएफआर १:४२, रात्र रिकामी. रात्र म्हणजे संध्याकाळचा नागरी संधिप्रकाश संपल्यापासून सकाळचा सुरू होईपर्यंतचा काळ, सूर्यास्तापासून नव्हे.

दहावा रकाना वैमानिकाच्या भूमिकेचा. त्यात पीआयसी, सहवैमानिक, ड्युअल (प्रशिक्षकाकडून शिकताना) आणि प्रशिक्षक असे चार उपरकाने. १:४२ पीआयसीखाली जातात, सहवैमानिकाचा उपरकाना रिकामा राहतो. दोन्हीकडे लिहिलं की बेरीज एकूण वेळेपेक्षा जास्त होते आणि परवाना विभागातला तपासनीस सर्वांत आधी तीच बेरीज करून पाहतो. अकरावा रकाना सिम्युलेटरचा, इथे रिकामा. सिम्युलेटरमध्ये डाव्या सीटवर बसून कितीही कमांडचे निर्णय घेतले तरी ते पीआयसीयूएस होत नाहीत.

बाराव्यात शेरा: 'पीआयसीयूएस' आणि कॅप्टनची सही. सोबत कॅप्टनचं नाव सुवाच्य अक्षरात आणि परवाना क्रमांक लिहून घ्यावा. पाच वर्षांनी सही कुणाची हे ओळखता आलं पाहिजे.

त्याच सेक्टरसाठी कॅप्टनही स्वतःच्या लॉगबुकात १:४२ पीआयसी लिहितो. एकाच उड्डाणाचे तास दोघांच्या पीआयसी रकान्यात दिसणं यात गैर काही नाही. तिघांच्या मात्र नाही. जादा क्रू असलेल्या लांबच्या उड्डाणात दोन सहवैमानिकांना एकाच वेळी कमांडरचं काम केल्याचा दावा करता येत नाही. क्रूझ रिलीफ सहवैमानिकाने, म्हणजे मधल्या टप्प्यात इतरांना विश्रांती देणाऱ्याने, वैमानिकाच्या सीटवर बसलेला वेळ सहवैमानिक म्हणून लिहायचा.

नोंद शाईने आणि उड्डाणानंतर शक्य तितक्या लवकर करावी. पान भरलं की बेरीज करून स्वतः प्रमाणित करावं. व्यावसायिक हवाई वाहतुकीत कंपनीने संगणकावर ठेवलेली नोंदही चालते, आणि वैमानिकाने मागितल्यावर कंपनीने ती उपलब्ध करून द्यायची असते. पण संगणकीय प्रणालीत पीआयसीयूएसची वेगळी खूण आणि कॅप्टनची मान्यता दिसते का, हे पहिल्याच महिन्यात छापून बघा. अनेक रोस्टर प्रणाली क्रूच्या हुद्द्यावरून तास वाटतात, आणि त्यांच्या लेखी फर्स्ट ऑफिसर म्हणजे कायम सहवैमानिक.

मिनिटं आणि दशांश यांची सरमिसळ टाळा. १:४२ म्हणजे दशांशात १.७. काही ओळी एका पद्धतीने आणि काही दुसऱ्या पद्धतीने लिहिल्या की १५०० तासांपर्यंत पोहोचताना बेरीज काही तासांनी हलते, आणि अर्ज परत यायला तेवढं पुरतं.

कमांड अपग्रेडमध्ये

कंपनीने कमांडसाठी निवड केली की सिम्युलेटर प्रशिक्षण, कमांडर म्हणून प्रवीणता तपासणी आणि कमांडच्या जबाबदाऱ्यांचं प्रशिक्षण होतं. त्यानंतर कमांडर म्हणून देखरेखीखाली लाइन ट्रेनिंग. ईएएसएच्या नियमात विमानांसाठी याची किमान मर्यादा १० सेक्टर आहे, कंपन्या सहसा जास्त ठेवतात. तुम्ही डाव्या सीटवर, ट्रेनिंग कॅप्टन उजव्या.

खांद्यावर चार पट्ट्या आल्या, सीट डावी आली, तरी या सेक्टरांचा कायदेशीर कमांडर ट्रेनिंग कॅप्टनच असतो. म्हणून सातव्या रकान्यात त्याचं नाव, दहाव्यात पीआयसीखाली तुमचे तास, बाराव्यात 'पीआयसीयूएस' आणि त्याची सही. हस्तक्षेपाचा नियम इथेही लागू आहे. ट्रेनिंग कॅप्टनने एखादा सेक्टर शिकवण्यासाठी थांबवून हाती घेतला, तर तो पीआयसीयूएस राहत नाही. लाइन चेक पास होऊन कंपनीने तुम्हाला कमांडर म्हणून मोकळं केल्यावरच सातव्या रकान्यात 'स्वतः' येतं. ती तारीख लॉगबुकात ठळक नोंदवून ठेवा, कारण पुढे प्रत्येक नोकरीच्या अर्जात ती विचारली जाते.

नोंदी अडतात कुठे

सर्वांत नेहमीची अडचण सह्यांची. तास साठवून महिन्याअखेरीस सह्या घेऊ असं ठरतं आणि तोवर कॅप्टनची बदली होते, तो दुसऱ्या कंपनीत जातो किंवा निवृत्त होतो. शिवाय चार आठवड्यांपूर्वीच्या सेक्टरमध्ये हस्तक्षेप झाला होता की नाही, हे कुणालाच नेमकं आठवत नाही. इंजिन बंद, चेकलिस्ट पूर्ण, आणि विमानातून उतरण्याआधी सही, एवढी एकच सवय लावून घेतली तरी निम्मे प्रश्न संपतात.

दुसरी अडचण आकड्यांची. अर्जासोबत दिलेले पीआयसीयूएसचे तास कंपनीच्या नोंदीशी ताडून पाहिले जातात. लॉगबुकात ०६१२ आणि टेक लॉगमध्ये ०६१५ असेल तर प्रश्न येतो. वेळ नेहमी एकाच ठिकाणाहून घ्या, शक्यतो टेक लॉगमधून.

तिसरी, हातात आलेला प्रत्येक सेक्टर पीआयसीयूएस म्हणून लिहिणं. पहिल्या महिन्यापासून पायलट फ्लाइंगचे शंभर टक्के सेक्टर कमांडच्या रकान्यात दिसले तर तपासणाऱ्याला ते लगेच खटकतं. एकही लँडिंग कॅप्टनने सावरलं नाही, एकही धुक्याची सकाळ आली नाही, असं नव्या सहवैमानिकाच्या बाबतीत घडत नाही. लॉगबुकातली खोटी नोंद हे परवान्यावर मर्यादा घालण्याचं, तो निलंबित किंवा रद्द करण्याचं कारण म्हणून युरोपीय नियमात नाव घेऊन दिलेलं आहे.

पीआयसीयूएसची वेगळी धावती बेरीजही ठेवा. लॉगबुकात हे तास पीआयसीखाली मिसळतात, पण एअरलाइनच्या अर्जांत बहुधा 'पीआयसी, पीआयसीयूएस वगळून' असा प्रश्न असतो. तिथे मिश्र आकडा लिहिला तर मुलाखतीत लॉगबुक उघडल्यावर तो फुगवलेला ठरतो. साध्या वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये तारीख, सेक्टर, तास, कॅप्टनचं नाव आणि फॉर्मचा क्रमांक एवढं पुरतं. सही केलेल्या पानांचे फोटो काढून दुसरीकडे जपून ठेवावेत. हरवलेलं लॉगबुक कंपनीच्या नोंदीवरून पुन्हा उभं करता येतं, पण त्या नोंदीत पीआयसीयूएस वेगळं दाखवलेलं नसेल तर नेमके हेच तास जातात.

भारत आणि अमेरिका

भारतात डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, एटीपीएलचा अर्ज करताना देखरेखीखालचे तास पी-वन यूएस म्हणून दाखवले जातात आणि परवान्याचे अर्ज ईजीसीए पोर्टलवरून जातात. सहवैमानिकाला टेक-ऑफ आणि लँडिंग कोणत्या कॅप्टनसोबत करता येईल, यावर डीजीसीएच्या स्वतंत्र अटी आहेत. त्यामुळे युरोपातल्या काही कंपन्यांसारखी 'कोणत्याही कॅप्टनची सही' इथे गृहीत धरू नका. देखरेख करणारा त्या दिवशी त्यासाठी पात्र होता, हे कागदावर दिसलं पाहिजे. पुढे युरोपात जायचा विचार असेल तर भारतात नोकरी करतानाच प्रत्येक पी-वन यूएस सेक्टरवर कॅप्टनची सही, नाव आणि परवाना क्रमांक घेत चला. नंतर मागे जाऊन ते गोळा करणं फार जिकिरीचं होतं.

अमेरिकेत रचनाच वेगळी आहे. एफएएच्या, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक प्रशासनाच्या, एटीपी परवान्यासाठी विमानातले २५० तास पीआयसी म्हणून, किंवा पीआयसीच्या देखरेखीखाली त्याची कर्तव्यं करणाऱ्या सेकंड-इन-कमांडचे (म्हणजे सहवैमानिकाचे), किंवा दोन्ही मिळून चालतात. त्यांत क्रॉस-कंट्रीचे किमान १०० आणि रात्रीचे किमान २५ तास लागतात. पण हे देखरेखीखालचे तास तिथे साधारणपणे सेकंड-इन-कमांडच्याच रकान्यात राहतात, पीआयसीच्या नाही. शिवाय रेटिंग असलेला वैमानिक एकटा नियंत्रणं हाताळत असेल तर त्याला तो वेळ पीआयसी म्हणून लिहायची मुभा तिथे आहे. ही मुभा युरोपीय नियमात नाही. म्हणून अमेरिकेत उड्डाण शिकून युरोपात अर्ज करणाऱ्याने जुनी प्रत्येक पीआयसी नोंद पुन्हा तपासावी: त्या उड्डाणाचा पीआयसी खरोखर तो स्वतः होता, की फक्त नियंत्रणं त्याच्या हातात होती? दुसऱ्या प्रकारचे तास अर्जातून आधीच वगळून उरलेल्यांची बेरीज द्यावी, आणि ७० चा आकडा त्या बेरजेतून भरतो का, ते अर्ज पाठवण्यापूर्वी पाहावं.